व्हर्जनचा वरचा आकडा कोणी लिहायचा?

आज बोलू व्हर्जन रेंजवर. म्हणजे आपल्या पॅकेजला दुसऱ्याची लायब्ररी लागते, तेव्हा तिची कुठली व्हर्जन्स चालतील ते लिहून देणं.

आपल्या बुलढाण्याच्या भाषेत सांगतो. कृषी केंद्रातून सोयाबीनचं बियाणं मागवताना ‘जेएस ३३५च आण’ म्हटलं, तर ते झालं पिन करणं. ‘ते किंवा त्यानंतर आलेलं कुठलंही चालेल’ म्हटलं, तर ती वरून उघडी रेंज. पण पुढे येणारं वाण अजून कोणी पेरूनच पाहिलेलं नसतं ना!

फ्लास्कचं हेच झालं. फ्लास्क २.२.२ला वर्कझ्यूग ही लायब्ररी लागते, आणि तिच्याबद्दल लिहिलं होतं, ‘२.२.२ किंवा पुढचं’. ३० सप्टेंबर २०२३ला वर्कझ्यूग ३.० आलं, आणि जुनं फ्लास्क जे यूआरएल-कोट फंक्शन इम्पोर्ट करायचं तेच त्यातून गेलेलं. प्रोजेक्टमध्ये फक्त फ्लास्क पिन केलं होतं, त्यांनी नव्याने इन्स्टॉल केलं की थेट इम्पोर्ट एरर!

शेगाव-चिखलीच्या हॉस्टेलवर जुना यूट्यूब व्हिडिओ बघून शिकणाऱ्या पोराला हे कोण सांगणार? कोड अक्षर न अक्षर बरोबर, तरी त्याला वाटतं, आपल्यालाच हे जमत नाही.

मग सगळ्यांनीच वर मर्यादा घालायची का? तसंही नाही. पायथनच्या एका एन्व्हायर्नमेंटमध्ये एका लायब्ररीचं एकच व्हर्जन बसतं. एक पॅकेज म्हणालं ‘३च्या खाली’, दुसरं म्हणालं ‘३ किंवा वर’, की पिप हात वर करतं. दोन्ही पॅकेजेस दुसऱ्यांची, आपण मध्येच अडकतो.

म्हणून मी असं करतो. लायब्ररी प्रकाशित करायची असेल, तर खालच्या आकड्यावर खरंच टेस्ट चालवून मग तो लिहायचा. वरचा आकडा मात्र नवीन व्हर्जनवर मोडतं हे माहीत असेल तरच. ॲप किंवा कॉलेजचा प्रोजेक्ट असेल, तर चालतंय त्याच दिवशी ‘पिप फ्रीझ’ करून ठेवायचं. त्यात आपण न मागवलेल्या, मागून आलेल्या लायब्रऱ्यांचेही आकडे येतात. आणि त्या जुन्या फ्लास्कसाठी यादीत एकच ओळ वाढवा: वर्कझ्यूग, ३च्या खाली.

एरर आली तर आधी व्हर्जन बघा, स्वतःवर शंका नंतर घ्या. भेटू पुढच्या भागात!