सोमवारची तिकीटबारी



आज सगळ्यांच्या मनात असलेला प्रश्न घेतो. रामायण-महाभारतावरचे, देवदेवतांच्या आख्यायिकांवरचे शेकडो कोटींचे चित्रपट तिकीटबारीवर तरतील का?

ओळखीची गोष्ट प्रेक्षक आणते, यात शंका नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ निवडला, तेव्हा पडदा मुका होता. गोष्ट घराघरांत ठाऊक असल्यामुळे ती समजावून सांगावी लागली नाही. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंखे यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या आणि लोकांनी त्या डोक्यावर घेतल्या. ओळखीची ही ताकद आजही आहे. मात्र ती शुक्रवार ते रविवार पुरते. सोमवारी चित्रपटाला स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते.

रामायणावरचा ‘आदिपुरुष’ आठवा. १६ जून २०२३ रोजी तो लागला, तेव्हा प्रत्येक चित्रपटगृहात हनुमंतासाठी एक खुर्ची राखून ठेवायची होती. पहिले तीन दिवस गर्दी लोटली. पण संवादांवर लोक असे चिडले की, निर्मात्यांना काही दिवसांतच ते बदलावे लागले. सोमवारी गल्ला धाडकन खाली आला तो आलाच. याउलट ‘महावतार नरसिंह’. जुलै २०२५मध्ये आलेला हा ॲनिमेशनपट, एकही नावाजलेला चेहरा नाही, खर्च ‘आदिपुरुष’च्या तुलनेत किरकोळ. पहिला दिवस बेताचाच गेला. दुसऱ्या रविवारचा गल्ला मात्र पहिल्या रविवारहून कितीतरी मोठा होता. प्रल्हादाची गोष्ट पाहून आलेल्यांनी शेजाऱ्यांना पाठवले.

एका पौराणिक चित्रपटाच्या दुपारच्या खेळाला मी मागच्या रांगेत उभा होतो. पुढे एक आजी आणि सात-आठ वर्षांचा नातू. मध्यंतराच्या थोडे आधी नातवाने विचारले, “आजी, हे असंच झालं होतं?” आजी म्हणाल्या, “नाही रे बाळा. घरी चल, मी सांगते तुला.” मध्यंतरानंतर त्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. त्या चित्रपटाचा निकाल मला तिथेच कळला. अशा चित्रपटाची खरी स्पर्धा आजीशी आणि कीर्तनकाराशी असते. शेवट सगळ्यांना पाठ असतो. लोक पाहायला येतात ते तुम्ही तिथवर कसे नेता हे.

प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली लागला आणि मुंबईत वर्षाहून अधिक चालला. विमानाचा देखावा त्यातही होता. पण मनात ठसली ती तुकारामांची बायको जिजाई! घरात दाणा नाही म्हणून नवऱ्यावर करवादणारी, आजारी पोराला घेऊन थेट देवळात विठ्ठलाला जाब विचारायला जाणारी. असा प्रसंग लिहायला पैसा फारसा लागत नाही. गावातले घर आतून पाहिलेला लेखक लागतो आणि त्याला वेळ द्यावा लागतो. आमच्याकडे दृश्यपरिणामांचा करार आधी होतो, संवाद शेवटच्या घाईत उरकतात. हे उलटे आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

हिशेबही पाहा. तिकिटातून कर वजा केल्यावर साधारण निम्मी रक्कम निर्मात्या-वितरकाकडे जाते. म्हणजे पाचशे कोटींचा खर्च केवळ देशातल्या तिकीटबारीवर भरून काढायचा, तर जवळपास हजार कोटींचा निव्वळ गल्ला हवा. इतके पैसे एकदाच येणाऱ्या गर्दीतून निघणे फार कठीण. घरची माणसे पुन्हा आली, सोबत आणखी चौघांना घेऊन आली, तरच ते जमते.

नितेश तिवारी यांच्या ‘रामायण’च्या पहिल्या भागासाठी २०२६ची दिवाळी जाहीर झाली आहे. तो चालावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आपल्या कित्येक पडद्यांचा श्वास त्यावर आहे. निर्मात्यांना माझी विनंती आहे, अशा चित्रपटाचे संवाद चित्रीकरणाआधी एखाद्या जाणत्या कीर्तनकाराला आणि चार घरच्या बायकांना वाचून दाखवा. आणि माझ्या चित्रपटगृहचालक मित्रांनो, नुसत्या देवाच्या नावावर वितरकाला मिनिमम गॅरंटी, म्हणजे किमान रकमेची हमी, देऊ नका. पहिल्या तीन दिवसांत दर चढवून घरच्या माणसांना दूर लोटू नका. दुपारच्या खेळाचे तिकीट पहिल्या दिवसापासून स्वस्त ठेवा. आजी आणि नातू त्याच खेळाला येतात.