सत्तरीचं कार्ड कधी काढायचं?

आम्ही लालबागच्या चाळीतल्या बचत गटातून बोलतोय. तुमच्यापैकी कितीतरी जणी घरच्या म्हाताऱ्यांना घेऊन परळला, केईएमला नाहीतर टाटाला येता, आमच्याकडेच उतरता. म्हणून आज हा विषय.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाई न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. सासरे गिरणी कामगार. १९८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. पेन्शन नाही, विमा नाही. कुणीतरी म्हणालं, आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालंय, सत्तर पूर्ण झालेल्या कुणालाही मिळतं, उत्पन्न विचारत नाहीत. धावतपळत गेलो, तर आधारवर जन्मसाल १९५७! आजी एकाहत्तरच्या, आधारवर अडुसष्ट. कधीकाळी कॅम्पात कुणीतरी अंदाजाने घातलेलं. पण वय आधारवरचंच धरतात. ऑपरेशन झालं ते ताईंच्या पाटल्या गहाण ठेवून.

मग दीर गावी गेले, आजी दुसरीपर्यंत शिकल्या त्या शाळेतून दाखला आणला. आधार केंद्राच्या तीन फेऱ्या झाल्या, तेव्हा कुठे साल सुधारलं. तुम्ही जाल तेव्हा कुठला पुरावा चालेल ते आधीच विचारून जा. आणि हे काम सत्तरीच्या आधीच करा.

सत्तर पूर्ण झाले की त्याच आठवड्यात कार्ड काढायचं. वर्षभर कधीही निघतं, शेवटची तारीख नाही, म्हणून तर राहून जातं. जुनं दुखणंही पहिल्या दिवसापासून धरतात, त्यामुळे लोक म्हणतात, आजारी पडल्यावर बघू. पण त्या रात्री आधारला जोडलेला मोबाईल नेमका रिचार्जवाचून बंद असतो!

वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. घरात सत्तरीचे दोघं असतील तर दोघांत मिळून. योजनेतल्या रुग्णालयात भरती झालं तरच. रोजच्या बीपीच्या गोळ्या यात नाहीत. केंद्र सरकारच्या पेन्शनरांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असेल तर दोन्हींतली एकच निवडायची, तेव्हा घाई नको. खाजगी विमा असला तरी हे कार्ड मिळतं. शंका असेल तर १४५५५ वर फोन करा.

आम्ही आता गटाच्या वहीत एक पान वाढवलंय: कुणाच्या घरचं माणूस आधारप्रमाणे कधी सत्तरीचं होतंय. पहिलं नाव येत्या मार्चमधलं आहे.