श्वानांचे श्वसनरोग आणि प्रयोगशाळेतील निदान



कुत्रे खोकू लागले म्हणजे घशात हाड अडकले असावे, असा पहिला तर्क घरोघरी केला जातो. कधीकधी तो खराही ठरतो. परंतु पुष्कळदा कारण असते ते श्वसनमार्गात शिरलेल्या जंतूंचे, आणि हे जंतू अनेक प्रकारचे आहेत. बोर्डेटेला हा जिवाणू असो, वा पॅराइन्फ्ल्यूएन्झा, इन्फ्ल्यूएन्झा आणि डिस्टेंपर यांचे विषाणू असोत, आरंभीची लक्षणे खोकला, ताप, वाहते नाक अशीच दिसतात. पुढची वाट मात्र भिन्न आहे. केनेल कफ नावाने ओळखला जाणारा खोकला बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. डिस्टेंपर मेंदूपर्यंत पोहोचून जनावराचा बळी घेऊ शकतो. पहिल्या दिवसांत केवळ लक्षणांवरून हा भेद सांगणे अनुभवी पशुवैद्यकासही अवघड जाते.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात जानेवारी २००४ मध्ये शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत खोकल्याची साथ उद्भवली. एका ठिकाणच्या २२ आजारी कुत्र्यांपैकी ८ दगावली; त्यांच्या फुफ्फुसांत रक्तस्राव झालेला होता. मृत कुत्र्याच्या फुफ्फुसातून वेगळा केलेला विषाणू घोड्यांच्या इन्फ्ल्यूएन्झाचा निघाला. बऱ्या झालेल्या कुत्र्यांच्या रक्तजलातही त्याच विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. घोड्यांचा हा रोग कुत्र्यांत साथीने पसरू शकतो, ही गोष्ट तोवर ज्ञात नव्हती.

हा शोध लागला तो योग्य नमुने हाती आले म्हणून. नेमके येथेच पुष्कळदा घोडे पेंड खाते. इन्फ्ल्यूएन्झाचा विषाणू नाकावाटे सर्वाधिक बाहेर पडतो तो आजाराच्या अगदी प्रारंभी, कित्येकदा खोकला सुरू होण्यापूर्वी. मालक आठ दिवस घरगुती उपाय करून मग दवाखान्याची पायरी चढतो. तोपर्यंत विषाणू बहुधा ओसरलेला असतो, आणि पीसीआर तपासणीचा अहवाल ‘आढळला नाही’ असा येतो. त्यावरून रोग नव्हताच, असा अर्थ काढणे चूक होय. अशा वेळी रक्तजलाचे दोन नमुने उपयोगी पडतात: एक आजारात, दुसरा दोन-तीन आठवड्यांनी. प्रतिपिंडांचे प्रमाण चौपट वा अधिक वाढले असल्यास संसर्ग नुकताच झाला, असे समजले जाते. दुसरा नमुना घेण्यास बरे झालेले कुत्रे पुन्हा आणण्याचा कंटाळा केला जातो, ही अडचण निराळी.

जिवाणूंच्या तपासणीसाठीचा नमुना प्रतिजैविक देण्यापूर्वी घ्यावा. औषधानंतर जंतू वाढत नाहीत. नुकतीच नाकात लस घातली असेल, तर पीसीआरमध्ये लशीतील जंतूच सापडून घोटाळा होतो. म्हणून अर्जावर लसीकरणाची तारीख, आजाराचा पहिला दिवस, आणि आसपास आणखी किती कुत्री खोकतात, हे लिहिलेच पाहिजे. विषाणू-तपासणीचा स्वॅब योग्य द्रावणात ठेवून बर्फाच्या थर्मासमधून शक्य तितक्या लवकर धाडावा. तो सुकला वा उन्हात तापला, की सारे श्रम वाया जातात.

गावच्या एका कुत्र्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. वनालगतच्या गावांस हा प्रश्न परवडणारा नाही. १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीत डिस्टेंपरने सुमारे एक-तृतीयांश सिंह मेले, आणि संशयाची सुई भोवतालच्या वस्त्यांतील कुत्र्यांकडे वळली. गुजरातेतील गीरच्या जंगलात २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासले गेले आणि त्यांत हाच विषाणू सापडला. गावात एकाच आठवड्यात तीन-चार कुत्री खोकू लागली, डोळ्यांतून चिपडे गळू लागली, तर सरपंचाने वा शिक्षकाने त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. पुढील तपासणीसाठी पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन खात्याची रोगनिदान प्रयोगशाळा आहे.