वादळ, छप्पर आणि विम्याचा कागद



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकलेत, परराष्ट्रनीतीही ऐकलीत. आज आमच्या वाट्याला पत्रे, कौले आणि वासे आले आहेत. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या दारात झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. मात्र घरविम्याचा करार आम्ही ओळीओळीने वाचला आहे, आणि ती वेळ का आली ते आधी सांगतो.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले आणि तो वारा आपल्या कर्जत-खालापुरापर्यंत आला. आमच्या एका सभासदाचे, फंडातून उचल घेऊन आणि कर्ज काढून बांधलेले घर उघडे पडले. दुसऱ्या दिवशी आम्ही दहाबारा जण धावलो. फुटका माल ओढ्याकाठी टाकला, मोडके वासे चुलीला दिले आणि मिळतील तेथून पत्रे आणून चार दिवसांत छप्पर घातले. मोठे काम केले असे आम्हांस वाटले. सहाव्या दिवशी विमा कंपनीचा सर्वेक्षक आला. त्याच्यापुढे धडधाकट छप्पर! “नुकसान कुठे आहे?” हा त्याचा प्रश्न. आमच्याजवळ ना फोटो, ना पावती. दाव्यातले फार थोडे पदरात पडले. घोषणा देण्याजोगा हा प्रसंग नव्हता. पुरावा आम्हीच जाळला होता.

आजारपणाच्या विम्याचा कायदा १९४८ साली झाला. त्याच्या हक्कांसाठी आपण भांडतो. पण ज्या घरात कामगाराची तीस वर्षांची कमाई चिणलेली असते, त्याच्या विम्याचा कागद त्याने बहुधा पाहिलेलाही नसतो. कर्जाच्या वेळी सह्यांच्या गठ्ठ्यात तो उरकला जातो. भरपाईवर पहिला हक्क बँकेचा लिहिलेला असतो, आणि कित्येकदा विमा कर्जाच्या रकमेपुरताच असतो. कर्ज फिटले की विमाही संपला, हे घरधन्याच्या गावीही नसते.

१ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ या नावाचा एकाच मजकुराचा विमा देणे भाग पडले, हे चांगले झाले. त्यात आग, वीज, भूकंप यांबरोबर वादळ, पूर आणि दरड येतात. आपल्याकडील काही मुले अमेरिकेत आहेत. तिथे हिमवादळात नळ गोठून फुटले तर घरविमा बहुधा कामी येतो, पण पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. आपल्याकडे पूर याच कागदात आहे. २६ जुलै २००५ला उल्हास नदीचे रूप ज्यांनी पाहिले, त्यांना याचे मोल सांगायला नको.

रक्कम कशी धरतात? जमिनीची किंमत धरायची नाही. पुन्हा बांधायला लागणारा खर्च धरायचा. समजा, आतले क्षेत्र ५०० चौरस फूट आणि बांधणीचा दर १,८०० रुपये, तर विमा ९ लाखांचा. घरातील सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, म्हणजे येथे १ लाख ८० हजार, आपोआप मिळतात. याची कमाल मर्यादा १० लाख. दागिन्यांचे वेगळे सांगावे लागते. जुन्या करारांत एक वाईट कलम असे. दहा लाखांच्या घराचा पाच लाखांचाच विमा असला, तर दोन लाखांच्या नुकसानीला एकच लाख मिळे. नव्या करारात ही कपात नाही. पण क्षेत्र आणि बांधकाम अर्जात खरे लिहिले पाहिजे.

आता भांडणे कुठे होतात ते पाहू. वाऱ्याने कौले उडाली आणि पाऊस आत आला, हे नुकसान वादळाचे. पण दर आषाढात जी भिंत पाझरते, तिचा दावा वादळाच्या नावावर चालत नाही, ती झीज. शेजारी खोदकाम झाल्याने जमीन खचली, तरी दरडीच्या नावाने पैसे मिळत नाहीत. डोंगर पोखरण्याचे काम आपल्या भागात किती चालते हे आपण पाहतोच. त्याचा जाब खोदणाऱ्यालाच विचारावा लागेल.

इर्शाळवाडीचे नाव येथे घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातली ती ठाकरवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, कित्येक मिळालेच नाहीत. तिथे विम्याची भाषा शोभत नाही. तिथल्या माणसांना सुरक्षित जागा आधी मिळायला हवी होती.

सरकारी मदतीचे म्हणाल, तर ‘निसर्ग’नंतर पूर्ण पडलेल्या घराची मदत ९५,१०० वरून दीड लाख रुपये केली. तेवढ्यात घर उभे राहत नाही. तरीही तलाठ्याचा पंचनामा सोडू नये. विम्याच्या दाव्यालाही तो उपयोगी पडतो.

म्हणून छप्पर उडाले तर प्रथम चारी बाजूंनी फोटो काढा, कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा आणि मग ताडपत्री घाला. पुढचे नुकसान टाळणे हे तर आपले कर्तव्यच मानले आहे. ताडपत्रीची पावती जपा आणि मोडका माल सर्वेक्षक पाहीपर्यंत अंगणात राहू द्या. दाव्याचा अर्ज ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. नाकारला तर कारण लेखी मागा. कंपनीकडे तक्रार करूनही समाधान झाले नाही, तर विमा लोकपाल आहे. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

मृगाला अजून काही आठवडे आहेत. ज्यांच्या घरावर कर्ज आहे त्यांनी बँकेकडून विम्याची प्रत मागून घ्यावी आणि रविवारी सकाळी संघटनेच्या कचेरीत यावे. येताना चष्मा आणावा. अक्षर फार बारीक असते.