इंदूरचे कलागुरू देवळालीकर
(शिक्षकदिनानिमित्त भरलेल्या शिक्षक-पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आज मी ज्या शिक्षकाचे स्मरण करणार आहे, त्यांचे नाव आपल्यापैकी अनेकांनी कदाचित ऐकले नसेल. त्यांच्या विद्यार्थ्यांची नावे मात्र देशभर ठाऊक आहेत. ते शिक्षक म्हणजे इंदूरचे चित्रकार दत्तात्रय दामोदर देवळालीकर.

१९२७ साली होळकर संस्थानाच्या राजधानीत चित्रकलेची शाळा सुरू झाली आणि तिची धुरा देवळालीकरांनी वाहिली. या शाळेतून नारायण श्रीधर बेंद्रे घडले. पंढरपुरात जन्मलेले आणि इंदुरात वाढलेले मकबूल फिदा हुसेन येथेच शिकले. देवकृष्ण जटाशंकर जोशी आणि विष्णु चिंचाळकर हेही याच गुरूचे शिष्य. पुढे हुसेन यांना १९९१ साली पद्मविभूषण आणि बेंद्रे यांना १९९२ साली पद्मभूषण हा किताब मिळाला.

या चौघांची चित्रे शेजारी शेजारी ठेवली, तर ती एका गुरूच्या शिष्यांची आहेत असे सांगूनही खरे वाटणार नाही. बेंद्रे रंगांच्या नित्य नव्या प्रयोगांत रमले. हुसेन यांनी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवीत दिवस काढले आणि पुढे त्यांचे घोडे जगभर गाजले. महेश्वरला जन्मलेल्या जोशींनी नर्मदेचे घाट आणि माळव्याचे लोकजीवन रंगविले. चिंचाळकरांनी तर वाळलेली पाने, झाडांच्या साली, टाकाऊ लाकडे यांतच आकार शोधले आणि मुलांनाही ते पाहावयास शिकविले. गुरूने स्वतःचा ठसा शिष्यांवर उमटविला नाही. ज्याची त्याची दृष्टी ज्याला त्याला मिळवून दिली. माझ्या मते देवळालीकरांचे खरे मोठेपण यात आहे.

हे ऋण पुढेही फेडले गेले. १९५० साली वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विद्याशाखा निघाली. तेथे बेंद्रे यांनी १९६६ पर्यंत अध्यापन केले. ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख, हकू शाह यांच्यासारखे कलावंत तेथे शिकले. ज्योती भट्टांनी खेड्यापाड्यांतील भिंतींवरची आणि अंगणांतली चित्रे छायाचित्रांतून जतन केली. हकू शाहांनी आदिवासी कलेच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. इंदूरच्या एका वर्गात लावलेला दिवा असा दुसऱ्या प्रांतातील खेड्यांपर्यंत उजेड देत गेला.

आता एक घरची गोष्ट सांगतो. माझ्या शाळेत चित्रकलेचा तास बहुधा गणिताला दिला जाई. वर्गातला एक मुलगा कोळशाने भिंतीवर बैल काढीत असे. ते इतके जिवंत असत की, पाहणारा थबकून उभा राही. भिंत घाण केली म्हणून त्याला छड्या बसल्या. त्यानंतर त्याने काढलेले एकही चित्र मी पाहिले नाही. छड्या खाताना मी त्याच्या शेजारच्या बाकावर गप्प बसलो होतो, याची टोचणी आजही आहे.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की, चित्रकलेचा तास चित्रकलेलाच राहू द्यावा. पालकांनीही भिंतीवर रेघोट्या दिसल्या, तर हात उगारण्यापूर्वी त्या एकवार नीट पाहाव्यात. प्रत्येक रेघोटीतून हुसेन निर्माण होईल असे नव्हे. पण आपण काढलेले कोणीतरी आस्थेने पाहिले, ही आठवण त्या मुलाला जन्मभर पुरेल. देवळालीकरांना याहून उचित आदरांजली दुसरी कोणती असणार?

जय हिंद!