कुणाकडून ऐकलं?



यवतमाळात महिन्यातल्या एका रविवारी आम्ही आठ-दहा वाचक एकत्र बसतो. एक निवृत्त गुरुजी, एक वकील, कापसाचे एक अडते, दर रविवारी चर्चला जाणाऱ्या एक नर्सबाई, मी आणि आणखी काही जण. एकानं पुस्तक वाचून यायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे आणि मध्ये चहा घ्यायचा, एवढाच आमचा नियम. मागच्या बैठकीत वकीलसाहेबांनी विषय मांडला : बायबलमधली चार शुभवर्तमानं कुणी आणि केव्हा लिहिली?

हा विषय आमच्या गावाला नवा नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून यवतमाळात होती. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. देशभरातली मुलं इथं येऊन धर्मशास्त्र शिकायची. आम्ही शाळकरी पोरं त्यांच्या काखेतली जाडजूड पुस्तकं बघून त्यांना डॉक्टरकीचे विद्यार्थी समजायचो.

वकीलसाहेबांनी तयारी चांगली केली होती. मत्तय, मार्क, लूक, योहान ही नावं मथळ्यावर असली, तरी आत मजकुरात लेखक स्वतःचं नाव सांगत नाही. येशू बोलत होते अरामी भाषा आणि हे ग्रंथ आहेत ग्रीक भाषेत. बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्कचं शुभवर्तमान सर्वांत जुनं, इसवी सन ७० च्या आसपासचं. म्हणजे येशूंनंतर सुमारे चाळीस वर्षांनी लिहिलेलं. मत्तय आणि लूक यांनी लिहिताना मार्क समोर ठेवला होता. चौथ्या शतकातल्या दोन जुन्या हस्तलिखितांत मार्कची शेवटची बारा वचनं नाहीत. व्यभिचाराचा आरोप असलेल्या बाईला दगड मारायला निघालेल्या लोकांची योहानातली गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. तीही त्या दोन्ही प्रतींत नाही.

खरं सांगतो, हे ऐकताना मला आतून थोडं बरं वाटत होतं. हजरत ईसांना आम्ही पैगंबर मानतो. पण त्यांची इंजील पुढं बदलली गेली, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. आता तर अभ्यासकच साक्षीला आले होते!

तेवढ्यात नर्सबाई म्हणाल्या, "तीस वर्षं मी दवाखान्यात काढली. लोकांनी टाकलेल्या बाया यायच्या, तेव्हा मला हीच गोष्ट आठवायची. ती नंतर कुणी घातली असेल, तर माझ्या तीस वर्षांचं काय?"

कुणाला उत्तर सुचेना. मग अडतेदादा बोलू लागले. एरवी ते फारसे बोलत नाहीत. ते महानुभाव पंथाचे. म्हणाले, "ताई, आमच्या लीळाचरित्राचंही असंच आहे." चक्रधरस्वामी गेल्यावर तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांच्याकडे जाऊन, विचारून विचारून लीळा गोळा केल्या. हे काम झालं आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. परंपरा सांगते की मूळ पोथी पुढं धामधुमीत नाहीशी झाली आणि हिराइसांसारख्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली. म्हणून पोथीपोथीत फरक आहेत. एखाद्याची आठवण वेगळी असेल, तर 'वासना' म्हणून तीही नोंदवून ठेवली आहे. वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या ताडून १९७८ मध्ये लीळाचरित्र संपादित केलं.

"फरक लपवले नाहीत, म्हणून तर मला ती माणसं खरी वाटतात," अडतेदादा म्हणाले. लूकसुद्धा सुरुवातीलाच सांगतो की आपल्याआधी अनेकांनी लिहिलं आहे आणि आपण सगळी चौकशी करून लिहितो आहोत, याची आठवण गुरुजींनी दिली.

मग वकीलसाहेब माझ्याकडे वळले. "शायरसाहेब, आणि तुमच्याकडं?"

आता पाळी माझी होती. मी सांगितलं, पैगंबरसाहेबांनंतर जैद बिन साबित यांनी खजुरीच्या झावळ्यांवरून आणि लोकांच्या पाठांतरातून कुराण एकत्र केलं. पुढं इसवी सन ६५० च्या सुमारास खलिफा हजरत उस्मान यांनी एक प्रमाण प्रत करवली आणि बाकीच्या जाळायला सांगितल्या. मला हे कुण्या टीकाकारानं सांगितलं नाही, मशिदीतल्या मौलवीसाहेबांनी शिकवलं. हदीसचं तर शास्त्रच आहे : कोण कुणाकडून ऐकून सांगतो आहे, ती साखळी तपासायची आणि मधला माणूस भरवशाचा नसेल, तर हदीस कमजोर ठरवायची.

इथं थांबता आलं असतं. पण नर्सबाई समोर बसल्या होत्या. म्हणून पुढचंही सांगितलं. येमेनमध्ये सना इथल्या मशिदीत १९७२ मध्ये कुराणाची फार जुनी चर्मपत्रं सापडली. त्यांतल्या एका प्रतीच्या पुसलेल्या थरात काही शब्द आजच्या पाठाहून वेगळे आहेत आणि अभ्यासक त्यावर काम करतात. हे बोलताना माझा आवाज खाली गेला, हे कबूल करतो. दुसऱ्याच्या ग्रंथाबद्दल ऐकताना मी ताठ बसलो होतो. स्वतःच्या ग्रंथापाशी आल्यावर मला पाण्याचा पेला लागला.

श्रोतेहो, माझं ईमान त्या दिवशी होतं तिथंच आहे. पण एक कळलं. 'हे कुणाकडून ऐकलं?' हा प्रश्न श्रद्धेचा वैरी नाही. तो सर्वांत आधी श्रद्धावंतांनीच विचारला. म्हाइंभटांनी विचारला, लूकनं विचारला, हदीस गोळा करणाऱ्यांनी विचारला. फक्त तो दुसऱ्याच्या दारात मोठ्यानं आणि आपल्या घरात हळू विचारायचा नसतो.

नर्सबाईंच्या प्रश्नाला गुरुजींनी उत्तर दिलं. ते म्हणाले, "बाई, गोष्ट केव्हा लिहिली ते अभ्यासक सांगतील. त्या बायांना तुम्ही दगड मारला नाही, एवढं आम्हाला ठाऊक आहे." बाई काही बोलल्या नाहीत. जाताना मात्र वकीलसाहेबांचं पुस्तक त्यांनी मागून घेतलं आणि पिशवीत ठेवलं.

पुढच्या बैठकीत बोलायची पाळी माझी आहे. विषय : हदीस कशी तपासली गेली. मौलवीसाहेबांनाही बोलावलं आहे. येतो म्हणाले.

नमस्कार.