पहिल्या ओळीचे वचन
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील आपली बरीच मुले आज संगणक शिकत आहेत. त्यांच्या उपयोगाचे चार शब्द सांगतो.

कल्याणहून माथेरानला आगगाडीने जाणाऱ्याला नेरळला गाडी बदलावी लागते. १८५३ सालचा बोरीबंदर-ठाणे मार्ग साडेपाच फूट रुंदीचा, तर १९०७ सालचा माथेरानचा मार्ग अवघा दोन फुटांचा. डबा कितीही उत्तम असो, रुळाचे माप जुळले नाही तर तो चालत नाही. संगणकाच्या कामातही असेच माप असते.

संगणकाला द्यायच्या आज्ञा ओळीने ज्या फाइलीत लिहितात, तिला शेल स्क्रिप्ट म्हणतात. त्या आज्ञा कोणत्या शेलने वाचायच्या, हे पहिली ओळ सांगते. बॅश, डॅश, कॉर्न असे शेल अनेक. सर्वांना समजेल अशी सामाईक भाषा असावी म्हणून पॉसिक्स हे मानक ठरले. त्यातला शेलचा भाग १९९२ साली आला.

डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम १९९३ साली सुरू झाली. जगभरचे स्वयंसेवक ती चालवतात. तिचे धोरण असे: पहिल्या ओळीत नुसते ‘एसएच’ लिहिले, तर पॉसिक्स आणि धोरणाने दिलेल्या मोजक्या सवलती यांच्याबाहेर जायचे नाही. बॅशच्या खास सोयी हव्यात? खुशाल वापरा, पण पहिल्या ओळीत ‘बॅश’ असेच लिहा.

पुष्कळांनी हे पाळले नाही. ‘एसएच’ या नावामागे बॅशच असल्याने चूक झाकली जाई. मग २००६ साली उबुंटूने आणि २०११ साली डेबियनने तेथे डॅश आणला. तो लहान आणि चपळ. पण बॅशचे ॲरे, दुहेरी चौकोनी कंस त्याला कळत नाहीत. नाव एक आणि काम दुसरे, अशा स्क्रिप्ट अडल्या. खरे नाव लिहिणाऱ्यांचे काहीच बिघडले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, ‘माझ्या संगणकावर चालते’ एवढ्यावर समाधान मानू नका. स्क्रिप्ट डॅशवरही चालवून पाहा. ‘चेकबॅशिझम्स’ हे मोफत साधन अशा चुका दाखवते. उद्या वागळे इस्टेटमध्ये असा की आखाती देशात, तुमचे काम दुसऱ्याच्या यंत्रावर चालायचे आहे.

पालकांनो, डेबियनला परवान्याचे पैसे पडत नाहीत आणि हा सराव साध्या, जुन्या संगणकावरही होतो. महागडे यंत्र नाही म्हणून मूल मागे पडेल, ही चिंता सोडा.

पहिल्या ओळीत जे कबूल केले, ते शेवटच्या ओळीपर्यंत पाळावे. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.